मागचा आस कोणत्या जातीचा?

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातले, राजपुरीच्या खाडीच्या काठावरचे गाव. समोरच्या तीरावर दिघी. खाडीला वळसा घालून रस्त्याने जायचे तर मोठा फेरा पडतो. म्हणून माणसांबरोबर मोटारीही बोटीने पलीकडे जातात. लोक या सपाट तळाच्या फेरीबोटीला जंगलजेटी म्हणतात. बोट धक्क्याच्या उताराला लागते, तिचा लोखंडी फाळका खाली पडतो आणि रांगेतल्या गाड्या एकेक करून उतारावरून फाळक्यावर आणि फाळक्यावरून बोटीत चढतात.

यंत्रशास्त्र शिकवणाऱ्याला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण. एरवी गाडीचे पोट पाहायचे तर जमिनीवर आडवे व्हावे लागते. इथे गाडीचे नाक वर गेले, की बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला तिचा मागचा आस आयता दिसतो. शिवाय उताराचा खालचा भाग भरतीच्या पाण्यात भिजणारा, शेवाळाने निसरडा. आसाच्या रचनेतले जे फरक डांबरी रस्त्यावर लपून राहतात ते अशा जागी उघडे पडतात.

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीला आपण फोर व्हील ड्राइव्ह म्हणतो. जीप, जिप्सी, थार, गुरखा ही तिची परिचित उदाहरणे. दिसायला सारख्या असलेल्या या गाड्यांचे मागचे आस मात्र एका जातीचे नसतात. ती जात ओळखायची कशी आणि ओळखून करायचे काय, हे आपण या लेखात पाहू या.

दोन कामे, एक आस

बैलगाडीपासून सुरुवात करू. बैलगाडीचा आस फिरत नाही. तो गाडीचे वजन पेलतो आणि चाके त्याच्या टोकांवर मोकळी फिरतात. चाकांना फिरवण्याचे काम आसाकडे नाहीच; बैल गाडी ओढतात म्हणून चाके फिरतात.

मोटारीच्या मागच्या आसाला मात्र दोन कामे करावी लागतात. गाडीचे वजन पेलायचे आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवून त्यांना फिरवायचे. ही दोन कामे कोणत्या भागांत कशी वाटून दिली आहेत, यावरून आसाची जात ठरते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, की पुढचे सारे सोपे आहे.

जीपसारख्या गाडीच्या मागे एक आडवी, जाड, पोकळ नळी दिसते. तिला गॅरेजमध्ये हौसिंग म्हणतात. नळीला एका जागी माठासारखा फुगवटा असतो. गिअरबॉक्सकडून येणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, या फुगवट्यात शिरतो. आत त्याच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते ज्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते ते क्राऊन. क्राऊनला जोडून डिफरन्शियल असते आणि त्यातून डावीकडे-उजवीकडे दोन दांडे निघून चाकांपर्यंत जातात. या दांड्यांना मेकॅनिक ‘एक्सल’ म्हणतात. ‘एक्सल तुटला’ असे चालक सांगतो तेव्हा यांपैकी एक दांडा तुटलेला असतो.

पहिली खूण: चाकाचा मध्य

आता एसटीच्या थांब्यावर जा आणि बसच्या मागच्या चाकाकडे पाहा. चाक ज्या मोठ्या नटांनी बसवले आहे त्यांच्या आत, अगदी मध्यभागी, लोखंडाचा एक गोल तुंबा बाहेर आलेला दिसेल. त्याच्या तोंडावर बोल्टांचे किंवा नटांचे आणखी एक लहान कडे असेल. ते कडे म्हणजे एक्सलच्या टोकाची चकती तुंब्याला जोडणारे बोल्ट. ते काढले तर गाडी तशीच उभी असताना, चाक न काढता, आतला एक्सल सरळ बाहेर ओढता येतो. याचाच अर्थ असा, की एक्सलवर गाडीचे वजन मुळीच नाही. चाकाचा तुंबा हौसिंगच्या टोकावर बेअरिंगांनी बसवलेला असतो आणि सारे वजन हौसिंग पेलते. एक्सल फक्त पिळला जातो, म्हणजे फिरवण्याचे काम करतो. याला फुल फ्लोटिंग, म्हणजे पूर्ण तरंगता आस म्हणतात. एक्सलची दोन्ही टोके वजनापासून मोकळी, जणू तरंगती असतात.

दुसऱ्या जातीत असा बाहेर आलेला तुंबा नसतो. चाक थेट एक्सलच्या टोकाच्या चकतीवर बसवलेले असते. बेअरिंग हौसिंगच्या टोकाच्या आत असते आणि एक्सल त्यातून बाहेर डोकावतो. म्हणजे चाकाला फिरवणाराही एक्सल आणि बाहेरच्या टोकाशी वजन पेलणाराही एक्सलच. आतले टोक मात्र डिफरन्शियलमध्ये मोकळे असते. एकच टोक तरंगते, म्हणून ही सेमी फ्लोटिंग, म्हणजे अर्ध-तरंगती जात. बहुतेक हलक्या गाड्यांचे ताठ आस या जातीचे असतात. काही जुन्या जीपमध्ये चाकाच्या मध्यभागी एकच मोठा नट आणि त्यातून आरपार घातलेली पिन दिसते. तोही अर्ध-तरंगता आसच. त्यात एक्सलचे टोक निमुळते असून त्यावर तुंबा घट्ट बसवलेला असतो.

या दोहोंच्या मधली पाऊण-तरंगती रचनाही पूर्वी वापरात होती, पण ती आता क्वचितच आढळते.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना. एक, चाकावर शोभेचे झाकण असेल तर ते काढून पाहावे. दोन, ही परीक्षा मागच्याच चाकाची करावी. फोर व्हील ड्राइव्ह गाडीचे पुढचे चाक वळतेही आणि फिरवलेही जाते. त्यामुळे तिथे बाहेर आलेला तुंबा असणे साहजिक आहे. त्यावरून मागच्या आसाबद्दल काहीच सांगता येत नाही.

एवढा फरक का महत्त्वाचा?

समजा, एका मागच्या चाकावर ४०० किलो भार आहे, म्हणजे सुमारे ४००० न्यूटन. अर्ध-तरंगत्या आसात चाकाची मध्यरेषा बेअरिंगपासून ८ सेंटिमीटर बाहेर आहे असे धरू. मग एक्सलला वाकवणारे परिबल झाले ४००० × ०.०८, म्हणजे ३२० न्यूटन-मीटर. जमीन चाकाला वर रेटते, त्यामुळे बेअरिंगजवळ एक्सलची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. पण एक्सल फिरतो आहे! अर्ध्या फेऱ्यानंतर खालचा भाग वर जातो आणि ताणाच्या जागी दाब येतो. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर एका किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे होतात. १०० किलोमीटरच्या प्रवासात धातूचा प्रत्येक कण पंचेचाळीस हजारांहून अधिक वेळा ताणला आणि दाबला जातो.

तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलो की ती तुटते, हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. एकदाच वाकवून न तुटणारी तार वारंवार वाकवल्याने तुटते. धातूच्या या शिणण्याकडे जगाचे लक्ष वेधले तेही एका आसानेच. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि झालेल्या अपघातात व आगीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि किती ताण किती वेळा दिल्यास धातू तुटतो याचे नियम शोधले.

अर्ध-तरंगत्या आसाचे अभियंते अर्थातच एवढा विचार करून एक्सल जाड ठेवतात. पण जुनी गाडी, खाऱ्या पाण्याने लागलेला गंज आणि क्षमतेपेक्षा जास्त भार एकत्र आले, की धोका वाढतो. एक्सल बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला तुटला तर चाकच गाडीतून निसटते. पूर्ण-तरंगत्या आसात एक्सल तुटला तरी चाक हौसिंगवर जागच्या जागी राहते. मेकॅनिक तुटलेले तुकडे काढतो आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी हळूहळू घरी येऊ शकते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपचा मागचा आस पूर्ण-तरंगता होता. युद्धानंतर निघालेल्या नागरी जीपमध्ये सुरुवातीला तोच होता, पण लवकरच त्याची जागा अर्ध-तरंगत्या आसाने घेतली. तो वजनाला हलका आणि बनवायला स्वस्त. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि जीप आपल्या ओळखीची झाली. नाव तेच, चेहरा तोच, आस वेगळा! म्हणूनच जात गाडीच्या नावावरून न ठरवता गाडीवरच पाहून ठरवावी.

दुसरी खूण: फुगवट्याचे झाकण

आता मागून खाली पाहू. फुगवट्याच्या मागच्या बाजूला बोल्टांनी बसवलेले पत्र्याचे झाकण दिसले तर क्राऊन-पिनियन मागून, झाकण काढून बसवले आहे. फुगवट्याचा मधला भाग ओतीव आणि दोन्ही बाजूंना नळ्या ठोकून बसवलेल्या असतात. स्पायसर किंवा डेना नावाने ओळखले जाणारे जीपचे आस असे असतात. झाकणाचा आकार आणि बोल्टांची संख्या वहीत नोंदवून सुट्या भागांच्या पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिली, की नेमका नमुना कळतो.

फुगवट्याची मागची बाजू गुळगुळीत असेल, झाकणाचे बोल्ट नसतील, तर तो बँजो जातीचा. यात क्राऊन-पिनियनचा सगळा संच पुढच्या बाजूने एकत्र काढता येतो. १९८५ साली भारतात आलेल्या मारुती जिप्सीचा मागचा आस असा होता. वरातीत वाजणारा आपला बेंजो इथे डोळ्यांपुढे आणू नका. त्याच नावाच्या अमेरिकन तंतुवाद्याला गोल तबकडी आणि लांब मान असते. हौसिंग तसे दिसते म्हणून हे नाव पडले.

फुगवटा मधोमध आहे की एका बाजूला सरकलेला, हेही पाहावे. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये तो एका बाजूला असतो, कारण पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतून प्रॉपेलर शाफ्ट त्याच बाजूने निघतो.

तिसरी खूण: नळी आहे की नाही?

काही गाड्यांत डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत जाणारी नळीच दिसत नाही. डिफरन्शियलचा डबा गाडीच्या सांगाड्याला पक्का केलेला असतो आणि त्यातून दोन्ही बाजूंना निघालेले दांडे सांध्यांवर वर-खाली झुलतात. सांध्यांवर रबराचे घडीदार बूट असतात. ही स्वतंत्र रचना. २०११ साली आलेल्या एक्सयूव्ही ५०० ची मागची चाके अशी होती. याउलट २०२० ची थार आणि २०२३ ची जिम्नी या गाड्यांत मागे ताठ नळीचाच आस आहे. वळसा न घेता सांगायचे तर, एक चाक दगडावर चढले की दुसरे चाकही कलते, ते ताठ आसाचे लक्षण. एकटेच वर जाते, ते स्वतंत्र रचनेचे.

एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांतही फरक असू शकतो. रेनो डस्टरच्या पुढची चाके ओढणाऱ्या आवृत्तीत मागे नुसता पिळला जाणारा तुळईसारखा आडवा भाग होता; तिथे फिरवण्याचे काम नव्हतेच, बैलगाडीसारखे. चारही चाके फिरवणाऱ्या आवृत्तीत मात्र मागे डिफरन्शियल आणि स्वतंत्र चाके होती.

चौथी खूण: आत काय आहे?

आतापर्यंतच्या खुणा डोळ्यांनी दिसतात. डिफरन्शियल कसे आहे हे मात्र चाक फिरवूनच समजते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर जखडली तर त्यांतले एक घासत जाईल. हा प्रश्न सोडवणारी दातेरी चाकांची आजची रचना फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास मांडली. तिचा नियम साधा आहे: क्राऊनचे फेरे म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाच्या फेऱ्यांची सरासरी.

वर्गात हे दाखवायला दोन कंपासपेट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्या मागे आडवी पट्टी टेकवून पट्टीला बरोबर मध्यावर बोटाने रेटा. दोन्ही पेट्या सारख्या असतील तर बरोबर सरकतील. एका पेटीवर जाड पुस्तक ठेवा. आता हलकी पेटीच सरकेल आणि ती जितकी सरकेल त्याच्या निम्मे तुमचे बोट सरकेल. जड पेटीला तुम्ही हलकीइतकाच रेटा देऊ शकता, अधिक नाही. शेवाळावर अडकलेल्या गाडीचे नेमके हेच होते. निसरड्या जागेवरचे चाक गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरचे चाक ढिम्म राहते. चार चाकांची गाडी असली तरी प्रत्येक आसाला स्वतःचे डिफरन्शियल असते. उतार आणि फाळका जिथे मिळतात तिथे गाडी तिरकी चढली तर पुढचे एक आणि मागचे विरुद्ध बाजूचे एक अशी दोन चाके अधांतरी होतात आणि चारही चाकांची ताकद फुकट जाते. म्हणून गुरखासारख्या गाड्यांत डिफरन्शियल जखडून टाकणारे लॉक दिलेले असते.

ओळखायचे कसे? सपाट जमिनीवर, मेकॅनिकच्या देखरेखीखाली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून मागची दोन्ही चाके पक्क्या घोड्यांवर उचलावी. हँडब्रेक सोडावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल साधे. चाक हलतच नसेल किंवा फार जोर लागत असेल तर आत लॉक किंवा सरक मर्यादित करणारी रचना आहे. मात्र उलटे फिरले म्हणजे लॉक नाहीच असे समजू नये. काही लॉक दोन चाकांच्या वेगात ठराविक फरक पडल्यावरच लागतात आणि काही नव्या गाड्या सरकणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून तोच परिणाम साधतात. तिथे गाडीची पुस्तिकाच पाहावी.

फेरे मोजा, दाते ओळखा

आता गिअर न्यूट्रल करा. दोन्ही मागची चाके एकाच दिशेला बरोबर आठ-आठ फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. युद्धकाळातल्या जीपमध्ये ते ३९ भरतील, नंतरच्या अनेक नागरी जीपमध्ये ४३. कारण पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला अनुक्रमे ३९ किंवा ४३. गुणोत्तरे झाली ४.८८ आणि ५.३८. एकच चाक उचलले असेल तर सरासरीच्या नियमाप्रमाणे ते सोळा फेरे फिरवावे लागेल. आसाचे झाकण न उघडता आतले दाते मोजण्याची ही युक्ती आहे.

हे मोजणे केवळ गंमत नव्हे. जुन्या बाजारातून मागचा आस आणून बसवला आणि त्याचे गुणोत्तर पुढच्या आसाशी जुळले नाही, तर चारही चाके जोडल्यावर काय होईल? एका किलोमीटरला मागचा प्रॉपेलर शाफ्ट पुढच्यापेक्षा सुमारे २२७ फेरे जास्त मागेल. दोन्ही शाफ्ट तर एकमेकांना जखडलेले. मग टायर घासतील, नाहीतर दाते मोडतील.

हँडब्रेकची गोष्ट

शेवटी सर्वांत महत्त्वाची ओळख. बऱ्याच गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. काही जुन्या जीपमध्ये तो प्रॉपेलर शाफ्टवर, गिअरपेटीच्या मागे बसवलेल्या लहान ड्रमवर असतो. हँडब्रेकची तार कुठे जाते ते पाहिले की हे कळते. शाफ्ट थांबला म्हणजे क्राऊन थांबले, म्हणजे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी शून्य. पण सरासरी शून्य असायला दोन्ही चाके थांबलेलीच असावी लागत नाहीत. एक पुढे आणि दुसरे तितकेच मागे फिरले तरी सरासरी शून्यच! दोन्ही चाकांची पकड घट्ट असेल तोवर गाडी उभी राहते. एक चाक शेवाळावर गेले किंवा जॅकने उचलले, की ते उलटे फिरू लागते आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी उतारावरून घरंगळते.

म्हणून उतारावर चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावल्याशिवाय जीपचे चाक कधीही उचलू नये आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जुने चालक हे अनुभवाने जाणतात. त्यामागचे कारण मात्र नववीच्या मुलालाही सरासरीच्या एका सूत्रावरून समजावून सांगता येते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. आपल्या गावातल्या पाच उभ्या गाड्यांची मागची चाके, चालकाची परवानगी घेऊन, पाहा. कोणाचे वजन हौसिंग पेलते आणि कोणाचे एक्सल?

२. बैलगाडीला डिफरन्शियल का लागत नाही?

३. मागचे एकच चाक उचललेले आहे. ते दहा फेरे फिरवल्यावर प्रॉपेलर शाफ्ट वीस फेरे फिरला, तर आसाचे गुणोत्तर किती?